वेताळाचे वतन

जालना जिल्ह्याच्या नकाशावर उत्तरेस केळणेच्या काठी भोकरदन आणि दक्षिणेस गोदावरीच्या काठी शहागड अशी दोन ठिकाणे आहेत. आज त्या दोहोंमध्ये एस.टी.च्या गाड्यांखेरीज फारसे दळणवळण उरलेले नसले, तरी सातवाहनांच्या काळी, जेव्हा भोकरदन हे भोगवर्धन या नावाने सांची-भारहूतच्या दानलेखांत कोरले जाण्याइतके संपन्न होते आणि प्रतिष्ठानाहून उज्जयिनीस जाणारे सार्थवाहांचे तांडे तेथे मुक्कामास उतरत, तेव्हा हा मुलूख दक्षिणापथाच्या हमरस्त्यावर होता. १९७० नंतरच्या दशकात तेथे झालेल्या उत्खननाने या वैभवाचा पुरेसा दाखला दिला आहे. मला मात्र या रस्त्याचे कौतुक निराळ्याच कारणासाठी वाटते. वेताळपंचविशीतला तो हट्टी राजा, जो मध्यरात्री स्मशानात जाऊन प्रेत खांद्यावर घेतो, तो कोठला, याविषयी जुन्या ग्रंथकारांत एकवाक्यता नाही. मागाहूनचे सारे त्याला उज्जयिनीचा विक्रम म्हणतात. पण काश्मीरचा सोमदेव, ज्याने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीच्या मनोरंजनार्थ ‘कथासरित्सागर’ रचला, तो त्याचे नाव त्रिविक्रमसेन असे सांगतो आणि त्याची राजधानी गोदावरीतीरावरचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, असे स्पष्ट नमूद करतो. ज्या दोन नगरांनी या राजावर हक्क सांगितला, त्यांच्या मधल्या वाटेवर आमचे भोकरदन. एवढ्यावरून वेताळ आमच्या शिवारातून खांद्यावर बसून गेला असेल, असे मी म्हणू लागलो, तर इतिहासाचे अभ्यासक हसतील. परंतु मी हे अभ्यासक म्हणून लिहीत नसून वेताळाचा एक जुना भक्त म्हणून लिहीत आहे, आणि भक्ताला एवढी सवलत असावी.

भक्त हा शब्द मी विचार करूनच वापरला आहे, कारण माझ्या बालपणी वेताळ एक नव्हता, तीन होते. पहिला गावच्या शिवेवरचा, शेंदूर माखलेल्या दगडांचा. गावाच्या वेशीत मारुती आणि वेशीबाहेर वेताळ अशी पहाऱ्याची वाटणी महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांतून दिसते. मारुतीच्या उपासनेला ज्यांनी मराठी मुलखात नवे तेज दिले, ते समर्थ रामदास याच जिल्ह्यातल्या जांबचे, १६०८ साली जन्मलेले. तेव्हा वेशीतल्या पहारेकऱ्याविषयी आमच्याकडे सर्वांना आदर. वेताळाविषयी मात्र आदरापेक्षा धाक अधिक. तो भुतांचा राजा. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे दिवट्या धरलेली भुते नाचतात, आणि ती स्वारी ज्याने पाहिली त्याने तोंड मिटून बाजूला उभे राहावे, अशी वडीलधाऱ्यांची ताकीद असे. संतापी माणसाला आग्या वेताळ म्हणण्याची आपली रीतही याच धाकातून आली. तथापि हा धाक राखणदाराचा आहे. बाहेरच्या पीडेला जो भिववतो, त्याने आतल्या माणसांनाही थोडे भिववावे, हे आमच्या लोकांना न्याय्यच वाटत आले.

दुसरा वेताळ पोथीतला, आणि तिसरा इंद्रजाल कॉमिक्सचा, अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख घालून पांढऱ्या घोड्यावर बसणारा. पुढे कळले, की या तिसऱ्याचे मूळ नाव फँटम. त्याचा जन्म १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेच्या वृत्तपत्रांतल्या एका चित्रपट्टीत झाला आणि त्याचा जनक ली फॉक नावाचा एक नाटकवेडा तरुण होता. ज्या कोणा भाषांतरकाराने त्याला वेताळ हे नाव दिले, त्याने शब्दाच्या बदल्यात शब्द ठेवला नाही. शेकडो वर्षांच्या श्रद्धेचा आणि कथेचा सारा ऐवज त्या परक्या वीराच्या नावे करून दिला. बंगाली वाचकांनी त्याच वीराला अरण्यदेव म्हटले. नाव सुरेख आहे, पण त्यात मसणवटीचा वास नाही.

आता लेखकांविषयी. वेताळाला हात घालणाऱ्या लेखकांची परंपरा दीर्घ आहे, आणि माझ्या मते तिचा आरंभ आमच्याच गोदातीरावर होतो. गुणाढ्याने सातवाहनाच्या दरबारी ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत, म्हणजे लोकसमजुतीप्रमाणे पिशाचांच्या भाषेत, सात लक्ष श्लोकांत लिहिली, राजाने ती अव्हेरली, आणि उद्विग्न कवीने वनात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत सहा लक्ष श्लोक अग्नीला अर्पण केले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. वेताळाच्या कथा त्या मूळ ग्रंथात होत्याच असे ठामपणे म्हणता येत नाही. पण ज्या दोन काश्मिरी कवींनी त्या ग्रंथाचा वारसा सांगितला, त्या दोघांनीही त्या आपल्या ग्रंथांत घातल्या. त्यांपैकी क्षेमेंद्र मला कधीच भावला नाही. कथा संक्षेपात उरकण्याच्या घाईत तो वेताळाला एखाद्या उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखा बोलायला लावतो. सोमदेव याच्या उलट. शिंशपेच्या झाडाला लटकलेले प्रेत, चितांचा उजेड, राजाचे निमूट चालणे, आणि खांद्यावरून येणारा तो मिस्कील, काहीसा कंटाळलेला आवाज, हे सारे तो अशा संथपणे उभे करतो, की वाचणाऱ्याच्या मानेवरही भार जाणवू लागतो.

सोमदेवाचे खरे यश मला आणखी एका गोष्टीत दिसते. त्याचा वेताळ खलपुरुष नाही आणि नायकही नाही; तो परीक्षक आहे. मदनसुंदरीने पती आणि भाऊ यांची मस्तके अदलाबदल करून बसविली, तर तिचा पती कोण, या त्याच्या प्रश्नाने टॉमस मानसारख्या जर्मन कादंबरीकाराला लघुकादंबरी आणि आपल्या गिरीश कार्नाडांना ‘हयवदन’ हे नाटक लिहिण्यास प्रवृत्त केले, यावरून त्या परीक्षकाची योग्यता ध्यानात यावी. आणि अखेरच्या कूटप्रश्नापाशी, जेथे पित्याने कन्येशी व पुत्राने तिच्या मातेशी विवाह केल्यावर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असे विचारले जाते, तेथे राजा निरुत्तर होतो; आणि राजाला उत्तर येत नाही असे पाहूनच वेताळ प्रसन्न होतो व ज्याने राजाला प्रेत आणण्यास पाठविले त्या कपटी भिक्षूचा कट त्याला उघड करून सांगतो. तेवीस उत्तरांनी जे साधले नाही ते एका मौनाने साधले, ही या कथेतली मेख. पुढील पुष्कळ लेखकांच्या ती लक्षातच आली नाही.

रिचर्ड बर्टनचेच पाहा. १८७० साली त्याने वेताळ इंग्रजीत नेला. पंचवीस कथांपैकी अकराच घेतल्या आणि उरलेली जागा स्वतःच्या वाचाळपणाने भरून काढली. त्याचा वेताळ टवाळखोर, स्त्रीद्वेष्टा, सर्वज्ञतेचा आव आणणारा. थोडक्यात सांगायचे तर खुद्द बर्टन. मराठीत याआधीच, १८३० मध्ये, सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी ‘वेताळ पंचविशी’ आणली होती. छत्र्यांचे गद्य आज बाळबोध वाटते, आणि शाळाखात्याच्या हेतूने नीतीचे पाणी त्यात अंमळ जास्तच पडले आहे. पण मराठी गद्य जेव्हा चालायला शिकत होते, तेव्हा त्याच्या खांद्यावर वेताळ बसला होता, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते. बंगालीतही विद्यासागरांनी १८४७ साली ग्रंथकर्तृत्वाचा आरंभ वेताळापासूनच केला.

मद्रासच्या ‘चांदोबा’ने तर कमालच केली. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावर मासिकाने नव्या रचायला घेतल्या, आणि शंकर या चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेला तो तलवारधारी राजा व त्याच्या पाठीवरचे ते पांढरेफटक प्रेत महिन्यामागून महिने, दशकामागून दशके, त्याच झाडाकडे परतत राहिले. यांतल्या कित्येक कथा सामान्य होत्या, हे कबूल केले पाहिजे. पुष्कळदा कथेपेक्षा प्रश्न मोठा आणि प्रश्नापेक्षा उत्तर लांब असे. पण या निनावी लेखकांनी सोमदेवाच्या रचनेचा शेवट सहेतुक काढून टाकला आणि वेताळाला अंत नसलेली नोकरी लावून दिली. मासिकाच्या वर्गणीदारांच्या दृष्टीने ही सोय होती. कलेच्या दृष्टीने नुकसान.

येथे मला फॉककडे वळले पाहिजे, कारण अंत नसलेल्या नोकरीचा प्रश्न त्यानेही सोडविला, आणि अधिक चातुर्याने सोडविला. त्याची कथा अशी, की १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक इंग्रज तरुण अरण्यकिनाऱ्यावर वाहून आला, आणि आपल्या पित्याचा घात करणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशासाठी आपले व आपल्या वंशजांचे आयुष्य वाहिलेले राहील. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवितो. म्हणून अरण्यातल्या लोकांना वाटते, की हा एकच पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे. आपण वाचतो तो एकविसावा. अमेरिकेतल्या वाचकाला ही कल्पना विलक्षण वाटली असेल. मराठवाड्यातल्या वाचकाला ती विलक्षण वाटण्याचे काहीच कारण नव्हते, कारण हे सरळसरळ वतन होते.

निजामाच्या राज्यात जहागिरी, इनामे आणि वतने यांचे जे दाट जाळे पसरलेले होते, त्यात आमच्या घराकडे पाटीलकीचा एक लहानसा धागा होता. पोलीस कारवाईनंतर १९४९ साली जहागिरी गेल्या. १९६२ साली राज्याने पाटलांचा वंशपरंपरागत हुद्दा कायद्याने रद्द केला. आणि १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक, अर्थात वेताळाचाच, बाहेर पडला. त्याच १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि शहराचे भाग्य एका नव्या दिशेला वळले, याची नोंद गॅझेटियर ठेवील. मी वेताळाची ठेवतो. काही वर्षांनी जालन्याहून भाड्याने आणलेला एक अंक मी ओसरीवर वाचीत पडलो असता आजोबांनी तो हातातून घेतला, चष्मा पुसून पाच-सहा पाने पाहिली आणि विचारले, “एकवीस पिढ्या म्हणतोस, पण लेका, सनद कोणाच्या शिक्क्याची?” मी म्हणालो, “सनद नाही, आजोबा, शपथ आहे.” त्यावर ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “म्हणून टिकलं.”

फॉकच्या लेखनाचे मूल्यमापन करताना मी आजवर याच प्रश्नोत्तराच्या कसोटीने चालत आलो आहे. ज्या कथांत वेताळ शपथेने बांधलेला हुद्देदार आहे, त्या उत्तम. ज्यांत तो केवळ बलदंड पुरुष आहे, त्या दुय्यम. गंमत अशी, की आरंभी खुद्द फॉकलाही हे उमगले नव्हते. पहिल्याच कथेत त्याने जिमी वेल्स नावाचा एक चैनी श्रीमंत योजला होता आणि रात्री तोच मुखवटा चढवितो असे पुढे उघड करण्याचा त्याचा बेत होता. कथा चालू असतानाच त्याने तो बेत मोडला, जिमी वेल्सला वाऱ्यावर सोडले आणि वेताळाला अरण्य, गुहा व पूर्वज बहाल केले. शहरातला हौशी न्यायदाता आणि अरण्यातला वतनदार यांत त्याने दुसऱ्याची निवड केली, त्या दिवसापासून तो माझ्या लेखी थोर लेखक झाला. कवटीच्या गुहेत ठेवलेले ते पिढ्यान्‌पिढ्यांचे रोजनामे म्हणजे दफ्तर. ज्याला संरक्षण दिले त्याला उमटविलेली ती शुभ खूण म्हणजे कौल. आणि मालक दिसत नसता त्याचे लेखी हुकूम तिजोरीत सापडावेत व त्याच्या जंगलगस्तीच्या पलटणीने ते निमूट बजावावेत, हा तर पेशवाईतल्या कोणत्याही कारकुनाला समजणारा कारभार.

फॉकचे चित्रकार बदलले तसा त्याचा सूरही बदलला. रे मूर याच्या हाती वेताळ अर्धा अंधारात असे, आणि त्या वेळचा फॉकही कमी बोलतो. विल्सन मॅककॉय याची रेषा इतकी भाबडी, की तिच्यावर टीका करणे म्हणजे लहान मुलाच्या पाटीवर लाल शाई ओतणे. तरीही त्याच काळात फॉकने अरण्यातल्या जुन्या म्हणींचा तो खेळ रंगवला, ज्यात वेताळ प्रत्यक्ष काही न करता लोकांच्या तोंडून मोठा होत जातो. १९६१ मध्ये मॅककॉयच्या निधनानंतर साय बॅरी आला आणि त्याने तीन दशके वेताळाला रेखीव, ताठ व उजेडातला केला. इंद्रजालच्या पिढीने पाहिला तो मुख्यत्वे हा वेताळ. याच काळात फॉकने अरण्याशेजारी लोकशाही राज्य व लुआगा नावाचा कृष्णवर्णी राष्ट्राध्यक्ष आणला, १९७७ साली वेताळाचे डायनाशी लग्न लावले आणि पुढे त्याला जुळी मुले दिली. लग्नाने रहस्य गेले, अशी तक्रार माझ्या समानधर्मी मित्रांनी त्या वेळी केली होती. मला ती मान्य नाही. वतनाला वारस हवा. चाळीस वर्षे वाग्दत्त वधूला ताटकळत ठेवणे हेच मुळी बेकायदा होते.

पण एक आक्षेप असा आहे, की जो कितीही भक्ती असली तरी टाळता येत नाही. चारशे वर्षे एक गोरा पुरुष काळ्या लोकांच्या अरण्यात सिंहासनावर बसतो आणि ते त्याला नवस बोलल्यासारखे मानतात, यात साम्राज्यशाहीची कल्पना किती आणि वेताळाची किती? जालन्याच्या माणसाला तर हे चित्र नको तितके ओळखीचे आहे. याच जिल्ह्यातल्या असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. आणि पुढे अनेक दशके जालन्याच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी राहिल्या, ज्यांचा खर्च निजामाच्या मुलखावर आणि ज्यांचे सेनानी इंग्रज. १९०२ च्या वऱ्हाड-करारानंतर ते कंटिंजंट मोडले. वेताळाची जंगलगस्त वाचताना मला ही छावणी आठवते, आणि आठवली की वाचनाचा रस थोडा पातळ होतो. इंद्रजालच्या संपादकांनाही ही अडचण जाणवली असावी. फॉकच्या मूळ कथेतला प्रदेश बंगालच्या नावाशी फार जवळचा होता, म्हणून त्यांनी त्याचे डेंकाली केले. सिंग चाच्यांचे सिंगा केले. आणि वेताळाच्या बापाचा जो मारेकरी राम या नावाने वावरत होता, त्याला रामलू करून टाकले. हे बदल वरवरचे होते. सिंहासन जागच्या जागीच राहिले. फॉकने लुआगाला राष्ट्राध्यक्ष केले हे त्याचे प्रायश्चित्त म्हणावे, तर ते प्रायश्चित्त अपुरे पडले असे मला वाटते, कारण अखेरचा शब्द त्या राज्यात कधीच राष्ट्राध्यक्षाचा नसतो.

इतर हातांविषयी थोडक्यात सांगतो. महायुद्धाच्या काळात फॉक सरकारी कामात गुंतला असता आल्फ्रेड बेस्टरने काही काळ ही पट्टी लिहिली, असे सांगितले जाते. पुढे विज्ञानकथेत कीर्ती मिळविणाऱ्या त्या लेखकाची छाप मला तेथे कोठे वेगळी काढता आलेली नाही, आणि हा मी त्याचा गौरवच समजतो, कारण मुतालिकाने धन्याच्याच शिक्क्याने लिहावे. १९८९ साली डी.सी. कंपनीसाठी मार्क व्हर्हायडेनने लिहिलेला वेताळ भूक, वर्णद्वेष आणि विषारी कचरा यांच्याशी झुंजतो; हेतू उदात्त, पण त्याच्या चेहऱ्यावर सदा अपराधी भाव, आणि ज्याला भुतांचा राजा म्हणायचे त्याला झोप लागत नाही, हे मला पटले नाही. स्वीडनमध्ये तर १९५० पासून वेताळाचे स्वतंत्र नियतकालिक चालू असून तेथील लेखकांनी १९६३ पासून स्वतःच्या कथा रचल्या. त्यांनी दफ्तरातली एकेक पिढी बाहेर काढून तिला इतिहास दिला, युरोपातल्या राजांशी व युद्धांशी तिची गाठ घालून दिली. हे दफ्तरदार प्रामाणिक आहेत, अभ्यासू आहेत, आणि त्यांच्या कथा मी आदराने वाचतो. पण ज्या गुहेतल्या पोथ्या फॉकने केवळ दुरून दाखवून भारून टाकले होते, त्या इतक्या तपशीलवार उघडल्यावर गुहेत कचेरीचा वास येऊ लागतो. पोशाखाच्या रंगाबद्दलचा वाद मी येथे काढीत नाही. इटलीत तो तांबडा झाला, स्वीडनमध्ये निळा, आणि फॉकच्या मनात तर मुळात करडा होता.

आपल्याकडे १९७६ साली आबिद सुरतींनी त्याच इंद्रजालमधून बहादूर उभा केला. डाकूचा मुलगा, सदरा आणि जीन घालणारा, नागरिकांचे रक्षकदल बांधणारा. त्याला वतन नव्हते, उलट बापाच्या वारशाशी फारकत घेऊनच तो नायक झाला होता. आणि कदाचित म्हणूनच तो मला तेव्हा जितका पटला तितका आवडला नाही. आज उलट वाटते. १९९० मध्ये, आठशेहून अधिक अंकांनंतर, इंद्रजाल बंद झाले, आणि कुंडलिका नदीच्या अलीकडच्या व पलीकडच्या दोन्ही जालन्यांतल्या रद्दीवाल्यांकडे वेताळ किलोच्या भावाने गेला.

फॉक १९९९ मध्ये वारला आणि ती पट्टी टोनी डेपॉलच्या हाती आली, जो आधी स्वीडनसाठी लिहीत असे. माझ्या मते फॉकनंतरचा खरा वारस हाच. फॉकने साठ वर्षे जो प्रश्न दारात उभा राहू दिला नाही, तो डेपॉलने आत घेतला: हे वतन खंडित झाले तर? मोझ नावाच्या वृद्ध भविष्यवेत्त्याच्या तोंडून, वेताळाने एक विशिष्ट कृत्य केले तर त्याचा वंश कसा बुडेल, याचे दीर्घ आणि निष्ठुर चित्र त्याने रंगविले. आणि ते कृत्य म्हणजे कोण्या दुष्टाशी संगर नव्हे, तर सवर्णा नावाच्या एका भारतीय स्त्रीला बंदिवासातून सोडविणे, एक उघड सत्कृत्य. सत्कृत्य केले तर वंश जातो, न केले तर शपथ जाते. हा प्रश्न प्रेताच्या मुखातून, मध्यरात्री, खांद्यावरून विचारला जाण्याच्या लायकीचा आहे. सोमदेवानंतर इतका अस्सल वेताळप्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आणि बाविसाव्या पिढीचा जो मुलगा पुढे तो पोशाख चढविणार, त्याला डेपॉलने शिकण्यासाठी हिमालयातल्या एका बौद्ध मठात पाठविले आहे. पैठणच्या राजाची गोष्टही त्याच पर्वतराजीच्या एका दरीत बसून, काश्मीरच्या राणीसाठी, लिहून काढली गेली होती.